जुन्या बग रिपोर्टांचा ढीग आवरला तरी पुन्हा साचतो: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

लक्षणं

ओपन सोर्स प्रकल्पाच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे बिघाडांची नोंद ठेवणाऱ्या यादीवर, उघड्या रिपोर्टांचा आकडा चार अंकी झालेला असतो. कोणीतरी पुढाकार घेतं, एखाद्या शनिवार-रविवारी चार-सहा जण ऑनलाइन जमतात, दीडशेएक रिपोर्ट बंद होतात, सगळ्यांना बरं वाटतं. वर्ष सरायच्या आत आकडा होता तिथे. मग कोणीतरी स्टेल बॉट, म्हणजे बराच काळ हालचाल नसलेले रिपोर्ट आपोआप बंद करणारा प्रोग्राम, लावायचं सुचवतं. आकडा धाडकन खाली येतो, आणि काही महिन्यांनी तेच बग नव्या क्रमांकाने परत हजर होतात, या वेळी जरा चिडक्या भाषेत.

तुमच्या प्रकल्पात हे दुसऱ्या-तिसऱ्यांदा होत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. पहिल्यांदाच असेल तर आधी ती शनिवार-रविवारची सफाई खुशाल करा. तिने काम होतं, फक्त टिकत नाही. न टिकण्याचं कारण असं की बहुतेक सफाया दिवाळीत माळा आवरावा तशा होतात: डबे खाली काढायचे, पुसायचे आणि 'लागेल कधीतरी' म्हणत परत वर ठेवायचे. रिपोर्ट उघडला, वाचला, 'अजून होतंय का?' अशी कॉमेंट टाकली, चला पुढचा. त्या कॉमेंटने रिपोर्टची तारीख ताजी झाली. पुढे कोणी काय करायचं हे मात्र आधी जितकं अधांतरी होतं तितकंच राहिलं.

आधी दोन आकडे काढा

मागच्या वर्षभरात महिन्याला सरासरी किती रिपोर्ट आले आणि किती मिटले, एवढंच. समजा महिन्याला ४० येतात आणि २५ मिटतात. म्हणजे दरमहा १५ ची भर, वर्षाला १८०. दोन दिवसांच्या मोहिमेत १५० बंद केले तर दहा महिन्यांत सगळं जैसे थे. यात कोणाचा आळस नाही, साधी बेरीज-वजाबाकी आहे. येणाऱ्या ४० पैकी किती रिपोर्ट पहिल्या आठवड्यातच मार्गी लागतात यावर हा हिशोब फिरतो. त्याकडे नंतर येतो, कारण जुन्याचा काही निकाल लागेपर्यंत नव्याकडे बघायला कोणाला उसंत नसते.

त्याच बैठकीत आणखी एक बघून घ्या: उघड्यांपैकी बिघाड किती आणि मागण्या किती. 'टूलबारवर अमुक बटण हवं' आणि 'फाइल सेव्ह केली की तक्ता उडतो' या दोन गोष्टी एकाच यादीत एकाच रंगात बसलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या की बिघाडांचा आकडा बऱ्यापैकी माणसात येतो आणि निम्मी घबराट तिथेच ओसरते.

स्टेल बॉट कुठे चुकतो

गिटहबवरचं प्रचलित स्टेल ॲक्शन मूळ सेटिंगवर सोडलं तर ६० दिवस हालचाल नसलेल्या रिपोर्टवर शिक्का मारतं आणि आणखी ७ दिवसांनी तो बंद करतं. कुबरनेटीस या सर्व्हरवरची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रकल्पाचा बॉट जास्त सबुरीचा आहे: ९० दिवसांनी 'स्टेल', त्यावर ३० दिवसांनी 'रॉटन', आणखी ३० दिवसांनी बंद. दोन्हींचा निकष एकच, तो म्हणजे हालचाल नाही.

हालचाल कोणी करायची होती, हे मात्र हा निकष विचारतच नाही. रिपोर्ट करणाऱ्याने आवृत्ती दिली, बग घडवून आणायच्या पायऱ्या दिल्या, नमुना फाइल जोडली आणि तो वाट बघत बसलाय. पुढचं पाऊल मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, आहे. मेंटेनरला वेळ नाही, म्हणून बॉट त्या बिचाऱ्यालाच विचारतो की बाबा रे, अजून हवंय का? तो एकदा 'हो' म्हणतो, दोनदा म्हणतो, तिसऱ्यांदा गप्प बसतो. रिपोर्ट बंद, बग जिवंत. सगळ्यात नीट लिहिलेले रिपोर्ट यात आधी जातात, कारण त्यांत विचारण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि म्हणून चर्चाही होत नाही. उलट ज्या रिपोर्टवर दर महिन्याला कोणीतरी 'मलाही' लिहून जातं, तो खुशाल जगतो.

आता हेच केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पात कसं चालतं बघा. तिथे 'नीड्सइन्फो' अशी वेगळी अवस्था आहे. म्हणजे आम्ही काहीतरी विचारलंय आणि उत्तर तुमच्याकडून यायचंय. या अवस्थेत १५ दिवस गेले की बॉट आठवण करतो, आणखी १५ दिवसांनी बंद करतो. मुदत कुबरनेटीसपेक्षा कितीतरी कडक, तरी ती अन्यायाची वाटत नाही. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या लाँचपॅड ट्रॅकरवरही तसंच आहे: 'इनकम्प्लीट' ठरवलेला आणि कोणाकडेही न सोपवलेला रिपोर्ट ६० दिवसांनी आपोआप कालबाह्य होतो, बाकीच्या अवस्थांना तो नियम लागू नाही. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचं कारण आणखी निराळं. तिथली प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते, आणि ती संपली की तिच्यावरचे उघडे रिपोर्ट सरसकट बंद होतात. लोक त्यावर चरफडतात, पण कोणत्या आवृत्तीचं काय होणार हे आधीपासून माहीत असतं.

तेव्हा बॉट काढून टाका असं माझं म्हणणं नाही. तो फक्त 'रिपोर्ट करणाऱ्याच्या उत्तराची वाट' या लेबलवर चालेल असा बांधून घाला. स्टेल ॲक्शनला हे लेबल नेमून देण्याची सोय आहे, दोन ओळींचं काम आहे. ट्रॅकरवर असं लेबलच नसेल तर आधी ते बनवा. बॉटने आधीच बंद केलेल्यांतून पायऱ्या आणि जोडलेली फाइल असलेले तेवढे शोधून परत उघडा.

प्रत्येक रिपोर्टला एकच प्रश्न

वयाने लावलेली यादी खालून वर उपसायला घेऊ नका. सगळ्यात जुने रिपोर्ट सहसा सगळ्यात अवघड असतात, आणि दुसऱ्याच संध्याकाळी उत्साह मावळतो. त्याऐवजी प्रत्येक रिपोर्टपुढे एवढंच विचारा: हा कोणासाठी थांबलाय? उत्तरं चारच निघतात. रिपोर्ट करणाऱ्याने काही सांगायचंय; कोणीतरी स्वतः करून बघायचंय; कोणीतरी ठरवायचंय; किंवा सगळं ठरलंय, आता कोड लिहायचाय. या चारांची लेबलं करा आणि पहिल्या फेरीत नुसती लेबलं लावा. सोडवायला घेऊ नका, वाद घालू नका, बंदही करू नका. एका रिपोर्टला दोन-तीन मिनिटं पुरतात, कारण शेवटच्या चार कॉमेंट वाचल्या तरी उत्तर कळतं.

मोझिलाच्या बगझिलावर 'नीडइन्फो'चा झेंडा एखाद्या ठरावीक माणसाच्या नावे लावता येतो. उत्तर कोणाकडून हवंय ते तिथे नावानिशी दिसतं, आणि ते नाव रिपोर्ट करणाऱ्याचंच असायला हवं असं नाही, मेंटेनरचंही असू शकतं. तुमच्या ट्रॅकरवर अशी सोय नसेल तर निदान कॉमेंटमध्ये नाव घेऊन विचारा. 'कोणी सांगेल का?' याला उत्तर कोणीच देत नाही.

पहिल्या ढिगाचं काम आता बॉट करेल. खरी कसोटी पुढच्या दोन ढिगांत आहे.

दुसरा ढीग: करून बघणं

'माझ्याकडे होत नाही' एवढं लिहून रिपोर्ट बंद करण्याची खोड सगळीकडे आहे. न होण्याला किती कारणं असू शकतात हे मराठीत काम करणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं, म्हणून लिबरऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजचं आपल्या ओळखीचं उदाहरण घेतो.

समजा त्यातल्या रायटर या लेखनाच्या प्रोग्रामबद्दल २०१५ सालचा रिपोर्ट आहे: 'रायटरमध्ये मराठी अक्षरं तुटतात.' विंडोज, जुनी आवृत्ती, एक धूसर स्क्रीनशॉट. त्यात 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्य मोडून रफार होऊन य वर बसलाय. पहिली नोंद घ्यायची ती अशी की फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीत लिबरऑफिसने अक्षरमांडणीचं इंजिन, म्हणजे जोडाक्षरं नीट जुळवून दाखवणारा भाग, बदललं. त्याआधी विंडोजवर युनिस्क्राइब, मॅकवर कोअरटेक्स्ट अशी प्रत्येक प्रणालीची वेगळी तऱ्हा होती, ५.३ पासून सगळीकडे हार्फबझ. म्हणजे हा रिपोर्ट ज्या कोडबद्दल होता तो कोडच आता जागेवर नाही. देवनागरीच्या मांडणीबद्दलचे ५.३ आधीचे सगळे रिपोर्ट एका गठ्ठ्यात घेऊन ताज्या आवृत्तीवर तपासता येतात, आणि जुने रिपोर्ट गठ्ठ्याने लावायची खरी रीत हीच: वय बघू नका, कोणता कोड मधल्या काळात बदलला ते बघा. प्रत्येक प्रकल्पात असे दोन-चार मोठे बदल झालेले असतात. जुन्या मेंटेनरला विचारलं तर तो बसल्या जागी सांगेल.

समजा ताज्या आवृत्तीवरही ऱ्य तुटतोय. आता शब्द कसा टाइप झालाय ते बघा. ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, हलंत आणि य. दुसरी, साधा र, हलंत, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या तऱ्हेतला तो अदृश्य जॉइनर वाटेत कुठेतरी गळला, एखाद्या वेबसाइटवरून चिकटवताना किंवा जुन्या फॉर्ममधून जाताना, तर उरतो र, हलंत, य, आणि त्याचा रफार होणं हे बरोबरच आहे. रायटरचा त्यात काही दोष नाही. रायटरमध्ये त्या अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की युनिकोड क्रमांक दिसतो: ०९३१ आला तर नुक्त्याचा ऱ, ०९३० आला तर साधा.

क्रमही ठीक निघाला, तर तिसरी तपासणी. हार्फबझसोबत एचबी-व्ह्यू नावाचं छोटं साधन येतं. त्याला फॉन्टची फाइल आणि शब्द द्यायचा, ते चित्र काढून दाखवतं. तिथेही ऱ्य तुटला तर दुखणं फॉन्टचं किंवा हार्फबझचं, आणि तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये देऊन बघितला की दोघांपैकी कोणाचं तेही उमगतं. तिथे नीट आला आणि रायटरमध्येच तुटला, तर बग आपला. आता रिपोर्टमध्ये लिहायला ठोस काहीतरी आहे: आवृत्ती, प्रणाली, फॉन्टचं नाव, अक्षरांचा क्रम, आणि एक ओळ लिहिलेली नमुना फाइल. हे सगळं व्हायला अर्धा तास लागतो. पण त्यानंतर हा रिपोर्ट पुन्हा कोणाला पहिल्यापासून वाचावा लागणार नाही.

जाता जाता: देवनागरीवरच्या रिपोर्टांत काही असेही निघतात की माणूस म्हणतो 'फाइल उघडली तर नुसता इंग्रजी कचरा दिसतो'. मजकूर कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात असतो. तो फॉन्ट मशीनवर नाही म्हटल्यावर खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. हा बग नाही. पण 'नॉट अ बग'चा शिक्का मारून निघून जाऊ नका. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल हे दोन वाक्यांत सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात त्यांच्याच कार्यालयातल्या दुसऱ्या कोणाचा तोच रिपोर्ट येईल.

पूर्वी चालायचं, आता चालत नाही

करून बघताना बग सापडला की लगेच दुसरा प्रश्न विचारा: हे आधीपासूनच असं आहे, की मध्ये कधीतरी बिघडलं? लिबरऑफिसची चाचणी करणारी मंडळी वर्षाहून जास्त काळ कोणी हात न लावलेल्या पक्क्या बगांवर एक संदेश पाठवतात. त्यात ताज्या आवृत्तीवर तपासा एवढंच म्हणून थांबत नाहीत. जमल्यास ३.३ या सगळ्यात पहिल्या आवृत्तीवरही बघा, असंही म्हणतात. तिथेही बग असेल तर तो ओपनऑफिसकडून, म्हणजे लिबरऑफिस ज्यातून निघालं त्या प्रकल्पाकडून, वारशाने आलेला आहे अशी नोंद होते. तिथे नसेल तर त्याला 'रिग्रेशन' हा शब्द लागतो. सगळ्या जुन्या आवृत्त्या त्यांच्या संग्रहात उतरवून घ्यायला ठेवलेल्या आहेत, म्हणून हे शक्य होतं.

रिग्रेशन ठरला की कामाचा पोतच बदलतो. कोडच्या इतिहासात शोध घेणाऱ्या गिट बायसेक्ट या साधनाने बरोबर-चूक, बरोबर-चूक असं निम्मं निम्मं करत गेलं की १,००० बदलांतून गुन्हेगार बदल दहाएक पायऱ्यांत हाती लागतो, १६,००० असले तर चौदाएक. अडचण एवढीच की लिबरऑफिससारखा अवाढव्य प्रकल्प प्रत्येक पायरीला बिल्ड करत, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवत, बसलं तर दिवस जातो. म्हणून त्यांनी तयार बिल्डच गिटच्या भांडारात भरून ठेवले आहेत. त्याला ते बिबिसेक्ट म्हणतात. सी++ या प्रोग्रामिंग भाषेचा गंध नसलेला स्वयंसेवकही तेवढं उतरवून घेऊन नेमका बदल शोधू शकतो. माझ्या मते जुन्या ढिगावर केलेली यापेक्षा फलदायी दुसरी गुंतवणूक नाही. 'अमुक तारखेच्या अमुक बदलाने हे बिघडलं' असं वाक्य ज्या रिपोर्टमध्ये आहे, त्याकडे प्रोग्रामर स्वतःहून वळतो. तुमचा प्रकल्प लहान असेल तर असा खटाटोप नको, मागच्या पाच-सहा मुख्य आवृत्त्या चालू स्थितीत जपून ठेवल्या तरी भागतं.

डेबियन या लिनक्स प्रणालीची एक सोयही उचलण्यासारखी आहे: बग कोणत्या आवृत्तीत सापडला आणि कोणत्या आवृत्तीत मिटला याची ट्रॅकरमध्ये वेगवेगळी नोंद होते. 'अजून होतंय का?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दोन नोंदींतच मिळतं.

तिसरा ढीग: कोणीच ठरवत नाही

सगळ्यात चिवट ढीग हाच. बहुतेक मागण्या असतात, आणि काही 'बग की मुद्दाम केलंय' या वादात अडकलेल्या. यांत माहिती कमी नसते, उलट चाळीस-चाळीस कॉमेंट असतात. एक ठाम 'नाही' म्हणायला कोणी धजत नाही, एवढंच घोडं तिथे पेंड खात असतं.

यावर प्रकल्पांनी वेगवेगळे उपाय केलेत. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरने सरळ आकडा ठरवला: मागणी विचारार्थ ठेवली की ६० दिवसांत तिला २० मतं मिळाली पाहिजेत, नाहीतर बंद. रुक्ष आहे, पण नियम आधीच जाहीर असल्याने भांडण कमी. वेबसाइट बनवायला वापरल्या जाणाऱ्या जँगोच्या ट्रॅकरवर 'समडे/मेबी' अशी पायरी आहे, म्हणजे कल्पना वावगी नाही पण आत्ता कोणी घेणार नाही. लिबरऑफिस अशा मागण्या डिझाइनवाल्या गटापुढे ठेवण्यासाठी वेगळा कीवर्ड लावतं. मला यातला तिसरा मार्ग सगळ्यात पटतो, कारण त्यात ठरवणारा कोण हे ठरलेलं असतं. मतांचा आकडा लहान प्रकल्पात कुचकामी आहे. अपंग वापरकर्त्यांसाठीच्या किंवा छोट्या भाषांसाठीच्या सोयीला २० मतं कुठून येणार?

तुमच्याकडे गट वगैरे नसेल तर महिन्यातून एक तास दोन मेंटेनरनी बसायचं, तिसऱ्या ढिगातले दहा घ्यायचे आणि प्रत्येकावर हो किंवा नाही लिहूनच उठायचं. 'बघू' हे उत्तर चालणार नाही. नकार देताना कारण एका वाक्यात लिहा आणि रिपोर्ट बंद करा. कोणी नाराज होईल. पण सहा वर्षं ताटकळत ठेवल्याने होते त्यापेक्षा ती नाराजी बरीच कमी असते.

चौथा ढीग: तो असायचाच

मायएसक्यूएल या डेटाबेसचा ११४७२ क्रमांकाचा बग २००५ साली नोंदवला गेला. फॉरेन कीच्या कॅस्केडमुळे, म्हणजे एका तक्त्यातल्या बदलापाठोपाठ त्याला जोडलेल्या तक्त्यातल्या ओळी आपोआप बदलल्या किंवा पुसल्या गेल्या, तर तिथले ट्रिगर, म्हणजे बदल झाला की आपसूक चालणारे कोडचे तुकडे, चालत नसत. बग पक्का, पायऱ्या स्पष्ट, अधिकृत मॅन्युअलमध्येही मर्यादा म्हणून लिहिलेला. तरी तो वर्षानुवर्षं उघडा राहिला, लोक दरसाल जूनमध्ये येऊन त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊ लागले. कारण असं की कॅस्केडचं काम इनोडीबी हे स्टोरेज इंजिन आत करत होतं आणि ट्रिगर वरच्या सर्व्हरच्या थरात होते. खालच्या थरात काय घडलं ते वरच्याला कळतच नव्हतं. ही दुरुस्ती एका संध्याकाळच्या पॅचची नव्हे, रचनाच बदलायची होती.

असे रिपोर्ट बंद करून आकडा कमी करू नका. त्यांच्या पहिल्या कॉमेंटमध्ये वर तीन ओळी लिहा: सध्याची स्थिती, का अवघड आहे, तात्पुरता उपाय काय. दस्तऐवजात मर्यादा नोंदवा आणि तिचा दुवा द्या. मग कॉमेंट फक्त योगदान देणाऱ्यांपुरत्या खुल्या ठेवल्या तरी कोणाचं काही बिघडत नाही.

डुप्लिकेट आणि भाषा

डुप्लिकेट जोडताना जुना क्रमांक तो मूळ, असा हट्ट धरू नका. ज्यात पायऱ्या आणि नमुना फाइल आहे तो ठेवा, दुसरा त्याला जोडा, भले तो कालचा असो. आणि जोडण्याआधी दोन्ही खरंच एक आहेत का ते बघा. 'पीडीएफमध्ये अक्षरं बिघडतात' आणि 'पीडीएफमधून कॉपी केली तर अक्षरं बिघडतात' ही दोन वेगळी दुखणी आहेत. चुकीचा जोडलेला रिपोर्ट मूळ बग मिटला की त्याच्यासोबत गुपचूप गाडला जातो.

बंद करताना काय लिहायचं यावर बहुतेक प्रकल्प विचारच करत नाहीत. 'जुना झाल्याने बंद' यातून समोरच्याला एवढंच कळतं की त्याचा वेळ वाया गेला. त्यापेक्षा असं काही लिहा: 'तुम्ही दिलेल्या फाइलवर ताज्या आवृत्तीत, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर करून पाहिलं, आता होत नाही. मधल्या काळात अक्षरमांडणीचं इंजिन बदललं, त्यामुळे मिटलं असावं. तुमच्याकडे अजून होत असेल तर आवृत्तीची माहिती देऊन इथेच पुन्हा उघडा.' यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आणि उघडण्याची मुभा खरोखर असू द्या. काही ट्रॅकरवर मेंटेनरने बंद केलेला रिपोर्ट सामान्य माणसाला उघडताच येत नाही, मग नवा रिपोर्ट येणारच.

एक सावधगिरी. जुने क्रॅशचे रिपोर्ट चाळताना एखादा सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर वाटला तर तिथेच जाहीर कॉमेंट टाकू नका. तो आधी खासगी करा आणि सुरक्षेचं काम बघणाऱ्यांना कळवा. दहा वर्षं कोणी न वाचलेला रिपोर्ट तुमच्या एका कॉमेंटने सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो.

आता येणाऱ्यांकडे

नव्या रिपोर्टवर चारांपैकी एक लेबल सात दिवसांत लागलंच पाहिजे, हा एकच नियम पुरतो. त्यासाठी आठवड्याची पाळी लावा, एका वेळी एकच जण. फॉर्ममध्ये आवृत्ती, प्रणाली आणि पायऱ्या या तीनच गोष्टी सक्तीच्या ठेवा. वीस रकान्यांचा फॉर्म बनवलात तर लोक प्रत्येकात 'लागू नाही' लिहून मोकळे होतात. आवृत्ती विचारताना ती कुठे सापडते तेही लिहा. लिबरऑफिसच्या 'विषयी' खिडकीत सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते, तशी सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर विचारायची वेळच येत नाही. आणि रिपोर्ट करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी करून बघितल्याशिवाय बग 'पक्का' धरू नका.

लेबलं लावण्याचे अधिकार मेंटेनरपुरते ठेवू नका. आठ-दहा चांगले रिपोर्ट तपासलेल्या कोणालाही देऊन टाका. चुकीचं लेबल दोन क्लिकांत काढता येतं.

तरीही साचत असेल तर

सहा महिन्यांनी चारही लेबलांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. पहिला ढीग फुगला असेल तर तुमचा फॉर्म किंवा तुमचे प्रश्न कच्चे आहेत. दुसरा फुगला असेल तर तपासणारे हात कमी आहेत, आणि ते प्रोग्रामरमधूनच आले पाहिजेत असं नाही. सॉफ्टवेअर रोज वापरणारे शिक्षक, लेखनिक, अनुवादक हे काम उत्तम करतात. तिसरा फुगला तर ती महिन्याची बैठक होत नाहीये, एवढाच अर्थ. चौथा एकटाच वाढत असेल आणि बाकीचे तीन आटोक्यात असतील तर ट्रॅकरमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, तिथे माणसाचा पूर्ण वेळ लागतो आणि त्याला पैसे लागतात. जँगोच्या प्रतिष्ठानने २०१४ पासून 'फेलो' नेमून नेमकं हेच केलं: तिकिटं चाळणं, पॅच तपासणं, आवृत्त्या काढणं यासाठी पगारी माणूस. एवढी ऐपत नसेल तर चौथ्या ढिगातले पाच रिपोर्ट निवडा, प्रत्येकी किती काम आहे ते लिहा आणि देणगीच्या पानावर त्याच नावांनी मांडा.